जॅझ पियानोचा डावा हात: रूट सोडायचा कसा

पेटी वाजवून पियानोकडे वळलेल्यांचा डावा हात वर्षानुवर्षं भात्यावर असतो. कीबोर्डवर तो एकच काम पटकन शिकतो: कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर, म्हणजे रूट, खाली दाबून धरायचा. ऑर्केस्ट्रात ते खपून जातं. जॅझ ट्रिओत (पियानो, बेस आणि ड्रम्स) मात्र रूट बेसवाल्याकडे असतो. दोघांनी एकाच वेळी तो धरला की तळ गढूळ होतो आणि बेसवाल्याला हलायला जागा उरत नाही.

रूट गाळलेले कॉर्ड १९५०च्या दशकात अहमद जमाल, रेड गार्लंड या पियानोवादकांच्या हातातही होते. पियानोवादक बिल इव्हान्सने (१९२९–१९८०) अशा कॉर्डवर अख्खी ट्रिओ उभी केली. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात झालेलं त्याचं रेकॉर्डिंग फक्त डाव्या हातासाठी एकदा ऐका. स्कॉट लाफारोचा बेस ठोक्याठोक्याला पायरी मोजत नाही, पियानोशी बोलतो. त्याला ती मोकळीक इव्हान्सच्या रिकाम्या तळाने दिली. (अकराव्या दिवशी लाफारो मोटार अपघातात गेला, वय २५. पुढचे काही महिने इव्हान्सचं जाहीर वादन जवळजवळ थांबलं होतं.)

सुरुवात सी मेजरमधल्या टू-फाइव्ह-वनने करा, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरचे कॉर्ड एकामागून एक. डावा हात मधल्या सीच्या आसपास:

डी मायनर: एफ, ए, सी, ई
जी सेव्हन: एफ, ए, बी, ई
सी मेजर: ई, जी, बी, डी

बोटं खालून वर: करंगळी, मधलं, तर्जनी, अंगठा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना फक्त तर्जनी सीवरून बीवर अर्धा स्वर उतरते, बाकी तीन बोटं जागची हलत नाहीत. तिसऱ्यावर जाताना बी तसाच राहतो, उरलेले तिन्ही एकेक पायरी खाली येतात. एवढ्यात हात उचलावासा वाटला तर बोटं चुकली आहेत असं समजा.

याच रचनेत खालचे दोन स्वर वरच्या दोघांच्या वर नेले की दुसरा साचा होतो. एफ मेजरमध्ये तो असा: जी मायनरला एफ, ए, बी फ्लॅट, डी, सी सेव्हनला ई, ए, बी फ्लॅट, डी, एफ मेजरला ई, जी, ए, सी. इथे पहिल्या बदलात करंगळी हलते.

कोणता साचा कुठे, हे उंची ठरवते. सगळ्यात खालचा स्वर मधल्या सीच्या खालच्या डीपेक्षा खाली नको, वरचा त्याच सीच्या वरच्या जीपेक्षा वर नको. खाली गेलात तर जवळजवळचे स्वर एकमेकांत घोंघावतात, वर गेलात तर उजव्या हाताची जागा जाते. या हिशोबाने बी फ्लॅट, बी, सी, डी फ्लॅट, डी आणि ई फ्लॅट या स्केलना पहिला साचा, बाकी सहांना दुसरा.

बारा स्केलचा रियाज दोन फेऱ्यांत बसतो. सी मेजरवर पोचलात की तोच सी मायनर करा. तो बी फ्लॅट स्केलचा ‘टू’ असतो. असं पूर्ण स्वराने उतरत जा: सी, बी फ्लॅट, ए फ्लॅट, एफ शार्प, ई, डी. दुसरी फेरी बीपासून. प्रत्येक फेरीत दोनदा हात उचलून वर न्यावा लागतो. पहिल्या फेरीत हे सांधे बी फ्लॅटवरून ए फ्लॅटवर आणि ईवरून डीवर जाताना येतात. अडखळायला होतं ते तिथेच, म्हणून ते सांधे वेगळे काढून दहा-दहा वेळा घोटा. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरा, म्हणजे लय १२० होते. पहिल्या मात्रेवर ठोका धरून केलेला रियाज स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, फारसा उपयोगी पडत नाही.

एकट्याने वाजवताना हे कॉर्ड ‘चुकल्यासारखे’ वाटतात, आणि वाटणारच: एफ, ए, सी, ई हा बेसशिवाय चक्क एफ मेजर सेव्हन आहे. घाबरून पुन्हा रूट घालू नका. फोनवर आधी नुसते रूट रेकॉर्ड करा, प्रत्येकी चार मात्रा, आणि त्यावर वाजवा. तेव्हाच ई हा डी मायनरचा नववा (रूटपासून मोजलेला नववा स्वर) म्हणून कानाला लागतो.

मायनर स्केलमधल्या टू-फाइव्हला अपवाद आहे. डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्हला (पाचवा स्वर अर्ध्याने उतरवलेला कॉर्ड) नववा स्वर घोटाळा करतो, म्हणून इथे रूट ठेवा: एफ, ए फ्लॅट, सी, डी. मग जी सेव्हनला एफ, ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट आणि सी मायनरला ई फ्लॅट, जी, ए, डी.

साचे बसले की ताल. प्रत्येक मात्रेवर कॉर्ड आपटणं ही नवख्यांची नेहमीची खोड. चार मात्रांच्या एका आवर्तनात दोनच ठोके द्या: पहिला मात्रा एकवर, दुसरा दोन आणि तीनच्या मधल्या ‘अँड’वर, आखूड. पेडलवरचा पाय काढा, नाहीतर तो आखूडपणा वाहून जातो. हाताचं वजन अंगठ्याकडे झुकवा, कारण कॉर्डचा वरचा स्वरच श्रोत्याला सूर म्हणून ऐकू येतो. आणि उजवा हात सोलोत भरभरून वाजवत असेल तेव्हा डावा मांडीवर ठेवलात तरी बेसवाल्याची तक्रार येत नाही.