साखर कमी करायची तर आधी चहाचं पातेलं बघा

साखर सोडायची ठरली की लोक पहिली कुऱ्हाड मिठाईवर घालतात. पेढा बंद, जिलबी बंद, श्रीखंड बंद. पण हे पदार्थ महिन्यातून दोन-चारदाच ताटात येतात. रोजची साखर जाते चहातून, चहासोबतच्या बिस्किटांतून आणि पाकिटातल्या वस्तूंतून. त्यामुळे सुरुवात करायची ती किराण्याच्या यादीपासून.

चौघांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर संपत असेल, तर माणशी रोज साधारण ४२ ग्रॅम होते. त्यात गूळ धरलेला नाही, टपरीवरचा चहा नाही, बिस्किटं नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी मर्यादा सांगितली: वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, म्हणजेच चहाचे सहा सपाट चमचे. या हिशेबात गूळ, मध, काकवी आणि फळांचा रसही धरतात. अख्खं फळ आणि दुधातली मूळची साखर धरत नाहीत.

घरातला चमचा एकदा मोजून घ्या. सपाट चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर बसते, शिगोशीग भरला तर ६-७ ग्रॅम. ‘मी दोनच चमचे घेते’ म्हणणाऱ्यांचे दोन बरेचदा प्रत्यक्षात तीन असतात, ते इथेच कळतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नका. गोळीचा डोस तोच राहिला आणि खाणं कमी झालं की रक्तातली साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हातांना थरथर, डोकं हलकं होणं ही लक्षणं दिसली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा घरात साखरेचा डबा पूर्ण रिकामा ठेवायचा नसतो.

चहा

पहिला बदल असा की साखर पातेल्यात घालायची नाही. चहा गाळून झाल्यावर ज्याने त्याने आपल्या कपात घ्यायची. पातेल्यात घातलेली साखर सगळ्यांवर सारखी लादली जाते आणि कोण किती घेतं ते कधीच कळत नाही. दोन चमचे घेणाऱ्याने दोन आठवडे दीड, मग दोन आठवडे एक, मग अर्धा असं उतरावं. जिभेला प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा दिवस लागतात. एकदम शून्यावर आलेला माणूस सहसा चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा दोन चमच्यांवर जातो.

साखर कमी केली की चहा कडू आणि तुरट लागतो, आणि दोष साखर नसण्याला दिला जातो. खरा दोष पावडरीचा आणि उकळीचा असतो. आपण पावडर भरपूर घालून चहा रटारटा उकळतो, त्यात उतरणारा तुरटपणा साखर झाकत असते. म्हणून कृतीच बदला. दोन कपांसाठी एक कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून आणि गवती चहाची दोन पाती घालून तीन मिनिटं उकळा. मग दीडऐवजी एकच सपाट चमचा पावडर घालून एक मिनिट ठेवा. एक कप दूध घालून एकच उकळी आली की गॅस बंद करा आणि दोन मिनिटं झाकण ठेवा. दुधाला स्वतःचा गोडवा असतोच, १०० मिलीमध्ये ५ ग्रॅमच्या आसपास साखर. पावडर कमी असली की तो गोडवा जिभेला लागतो. वेलची घालायची तर शेवटी, झाकण ठेवताना.

अर्ध्या चमच्यावर येऊन थांबलात तरी पुष्कळ झालं. चार कपांचे ८ ते १० ग्रॅम होतात, २५ च्या हिशेबात ते आरामात बसतात. शून्यावर जाण्याचा हट्ट धरून चिडचिड ओढवून घेण्यात अर्थ नाही.

साखर कमी करताना चहाचे कप त्याच आठवड्यात कमी करू नका. डोकं दुखतं ते बहुधा कॅफीन अचानक तुटल्यामुळे, आणि माणूस समजतो साखरेवाचून दुखतंय. मग एक चमचा साखर घातलेला कडक चहा प्यायला की डोकं थांबतं आणि गैरसमज पक्का होतो.

बाहेरचा चहा अवघड आहे, कारण टपरीवर साखर पातेल्यातच पडलेली असते. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ब्रेकला कँटीनचा चहा येतो, तोही गोड करूनच. मशीनच्या प्रीमिक्समध्येही साखर आधीच मिसळलेली असते. पर्याय दोन: घरून लहान थर्मास न्यायचा, नाहीतर ओळखीच्या टपरीवाल्याला ‘भाऊ, बिनसाखरेचा एक वेगळा टाका’ असं सांगायचं. गर्दी नसेल तर देतात. लेमन टी हलका वाटतो, पण त्यात साखर दुधाच्या चहापेक्षा कमी असेलच असं नाही. विचारून घ्या.

चहाच्या बशीतलं

ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या जवळपास पाव भाग साखर असते, क्रीमच्या बिस्किटात त्याहून जास्त. चार-पाच ग्लुकोज बिस्किटं म्हणजे चहात एक चमचा साखर वाढवल्यासारखंच. खारीत साखर कमी, पण मैदा आणि वनस्पती तूप भरपूर, म्हणून तो काही सुटकेचा मार्ग नाही. नागलीची (नाचणीची) बिस्किटं मिळतात तीही पाकीट उलटून बघा. पहिला घटक मैदा आणि दुसरा साखर असेल तर पुढे नागली किती हा प्रश्न उरतच नाही.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या तिनांत असली तर पाकीट परत ठेवा. ती वेगवेगळ्या नावांनीही येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. पोषणाच्या तक्त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ अशा दोन ओळी असतात. दुसरी बघायची. १०० ग्रॅममागे ५ च्या आत असेल तर ठीक, २० च्या वर असेल तर ती वस्तू मिठाईच समजा, मग पाकिटावर ओट्सचं चित्र असो नाहीतर मल्टिग्रेनचं. टोमॅटो केचपमध्ये चौथा हिस्सा साखर असू शकते. मुलं ते पोळीला लावून खातात, त्याचा हिशेब कोणी धरत नाही.

आमटीतला गुळाचा खडा आणि पोह्यांवरची चिमूट मात्र राहू द्या. चौघांच्या आमटीत ५ ग्रॅम गूळ म्हणजे माणशी एक-सव्वा ग्रॅम. तेवढ्यासाठी जेवणाची चव घालवून काही हाती लागत नाही.

गुळाचं काय?

साखर बंद करून चहात गूळ घालणाऱ्यांची फसगत होते. गूळ बहुतांशी साखरच आहे आणि कॅलरीही जवळजवळ तेवढ्याच. लोह आणि खनिजं असतात, पण दोन चमच्यांतून मिळतील ती नाममात्र. शिवाय गूळ कमी गोड लागतो म्हणून जास्त पडतो. मधाचंही तेच. खजुराचे लाडू ‘साखरविरहित’ म्हणून दिवसाला तीन खाल्ले तर साखर कमी झालेली नसते.

गोडी आणणाऱ्या गोळ्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत (ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही). अडचण अशी की जिभेची गोडाची सवय तशीच राहते. ‘शुगर फ्री’ मिठाईत माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर जास्त खाल्ल्यावर पोटात गॅस आणि जुलाब होतात.

द्राक्षं, रस आणि मिसळ

नाशिककरांची खरी परीक्षा जानेवारी ते एप्रिल. निफाड-दिंडोरीच्या पाहुण्यांकडून द्राक्षांची पेटी येते आणि टीव्हीसमोर बसून अर्धा किलो कधी संपतो ते समजत नाही. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्ध्या किलोत ८०. फळ वर्ज्य नाही, मात्र पेटी समोर ठेवून खाऊ नका. वाटीत पंधरा-वीस मणी मोजून घ्या आणि पेटी आत ठेवा. बेदाण्यात पाणी आटून गेलेलं असल्यामुळे वजनाच्या साठ टक्क्यांच्या वर साखरच असते, तेव्हा बेदाणे मुठीने नको, चिमटीने घ्या. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर जाते. उन्हात तहान लागली असेल तर आधी पाणी प्या, मग रसवंतीकडे बघा.

मिसळ साखरेच्या दृष्टीने निर्दोष आहे. मटकीची उसळ पोटाला चांगलीच. सोबत येणारी जिलबी आणि काही ठिकाणचा गोड मठ्ठा, हे दोन तेवढे ऑर्डर देतानाच नको म्हणा. ताटात आल्यावर नको म्हणणारे फार थोडे.

तलफ आली की

गोडाची तलफ दुपारी चार-पाचला, नाहीतर रात्री जेवणानंतर येते. दुपारच्या तलफेचं कारण बहुतेक वेळा डब्यात असतं. पोळी-बटाट्याची भाजी किंवा नुसता वरण-भात खाल्ला की तीन तासांत पोट रिकामं वाटतं. डब्यात एक वाटी उसळ, दही किंवा उकडलेलं अंडं वाढवा आणि चार वाजता एक मूठ फुटाणे, एक मूठ शेंगदाणे हाताशी ठेवा. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. नाश्ता टाळून साखर कमी करायला निघालेल्यांची तलफ अकरालाच सुरू होते.

रात्रपाळी करणाऱ्यांना पहाटे तीनला गोड खावंसं वाटतं, कारण झोपेचा तुटवडा भूक वाढवतो. तेव्हा बिस्किटांचा पुडा सोडून भाकरी-उसळीचा छोटा डबा उघडावा.

तरीही तलफ आलीच तर आधी मोठा ग्लास पाणी किंवा ताक प्या आणि पंधरा-वीस मिनिटं जागेवरून उठून काहीतरी करा. ती बहुधा ओसरते. ओसरली नाही आणि खरंच भूक असेल तर पोटभरीचं खा. गोड नंतर.

रात्रीच्या तलफेला मुखवास चालतो, पण बाजारच्या रंगीत बडीशेपेवर साखरेचा लेप असतो. घरी करा: १०० ग्रॅम बडीशेपेला एक चमचा लिंबाचा रस आणि पाव चमचा सैंधव चोळून तासभर ठेवा. मग लोखंडी कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं, ओलावा जाऊन कुरकुरीत होईपर्यंत भाजा. ५० ग्रॅम जवस आणि २५ ग्रॅम तीळ वेगवेगळे भाजून गार झाल्यावर मिसळा. एकत्र भाजलं तर तीळ जळतात आणि बडीशेप मऊ राहते. गरम असताना बरणीत भरलं तर वाफेने सादळतं.

सणावाराला

पुरणपोळी जेवणात खा, जेवण झाल्यावर वरून नको. कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर यांच्यासोबत एक-दोन पोळ्यांत समाधान होतं. नुकसान सणाच्या ताटाने होत नाही, पुढच्या चार दिवसांत होतं: उरलेलं पुरण, डब्यातला चिवड्याशेजारचा लाडू, येणाऱ्या-जाणाऱ्यांची मिठाई. म्हणून बेतानेच करा, आणि आलेला मिठाईचा खोका त्याच संध्याकाळी शेजारी किंवा कामावर वाटून टाका. संक्रांतीचा तिळगूळ एकेक कण घ्यायची पद्धत आहे, तीच धरा.