बाबा वावरात जातात आणि सिंपल प्रेझेंट टेन्स

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातली, आता नागपूरला नर्स आहे. शिक्षण सगळं जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी मिडियम. २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, आमची बॅच त्याच्या आधीची, म्हणून एबीसीडी पाचवीत गेल्यावर पाहिली. हे लिहायचं कारण म्हणजे दरवर्षी गावाकडच्या पोरी नर्सिंगला येतात, काही तलाठी भरतीची तयारी करतात (तिथंही १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे असतात), आणि सगळ्यांचं गाडं पहिल्याच टेन्सवर अडतं. माझंही अडलं होतं.

नियम मला पाठ होता बरं का. तृतीय पुरुषी एकवचनी कर्ता असला की क्रियापदाला एस किंवा ईएस. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. पण नर्सिंगच्या पहिल्याच आठवड्यात घरच्यांबद्दल दहा वाक्यं लिहायला सांगितली आणि मी लिहिलं, माय फादर आर फार्मर, दे गो टू फार्म डेली. मॅडमनी वर्गात विचारलं की तुला वडील किती आहेत? सगळे हसले आणि मी त्या रात्री होस्टेलवर जेवले नाही.

पण तेव्हाच विचार केला की मी असं काऊन लिहिलं असेल, नियम तर येत होता. मग लक्षात आलं, मी डोक्यात म्हणत होते 'बाबा वावरात जातात'. बाबांना आपण अरेतुरे करत नाही, म्हणून क्रियापद अनेकवचनात. इंग्रजीच्या क्रियापदात हा मान नसतो. बाबा असो, सरपंच असो की कलेक्टर, माणूस एक आहे तर ही गोज. माझ्या मते मराठी माणसाची या टेन्समधली सगळ्यात मोठी चूक हीच आहे, आणि ती कमी अभ्यासामुळे होत नाही, चांगल्या वळणामुळे होते. म्हणून लाजू नका, फक्त लिहिताना आधी डोकी मोजा, एक डोकं की अनेक, मान नंतर.

उलट एका बाबतीत आपलं काम सोपं होतं. आपल्यात मी जाते, भाऊ जातो, बाई-माणूस पाहून क्रियापद बदलतं. इंग्रजीत ती भानगडच नाही, आय गो म्हणजे गो, मुलगा म्हणो की मुलगी. बदल फक्त ही, शी, इट आणि एकट्या नावापाशी होतो. एव्हरीवन मात्र एकटा धरतात, एव्हरीवन नोज, इथं मी दोन वर्षं चुकत होते.

आता 'आहे'. हा शब्द आपल्या लय कामाचा आहे आणि तिथंच पाय घसरतो. बाबा शेतकरी आहेत, घरी दोन बैल आहेत, पेशंटला ताप आहे, मला माहीत आहे. मराठीत चारही ठिकाणी आहे, पण इंग्रजीत ही इज अ फार्मर, वी हॅव टू बुलक्स, द पेशंट हॅज फीवर, आय नो. मी वॉर्डात पेशंट इज फीवर म्हणायची. आणि आय ॲम नोइंग, हे तर आजही नवीन पोरींकडून रोज ऐकते. नो, लाइक, वॉन्ट, हॅव (म्हणजे जवळ असणे) यांना सहसा आयएनजी लावत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तर पुष्कळ काम होतं.

आमच्या कामात या टेन्सला खरी किंमत आहे. केसपेपरवर सी ओ लिहिलेलं असतं ना, ते कम्प्लेन्स ऑफ, म्हणजे सिंपल प्रेझेंटच. 'त्याले रोज संध्याकाळी ताप येते' असं नातेवाईक सांगतात तेव्हा ते ही गेट्स फीवर एव्हरी इव्हनिंग. आत्ता अंग तापलंय तर ही हॅज फीवर नाऊ. दोन्हीला फीवर एवढंच लिहून सोडलं तर डॉक्टरला कळणार नाही की हा रोजचा ताप आहे की आजचा, आणि दोन्हीचा विचार वेगळा करावा लागतो.

प्रश्न आणि नकार आला की डज येतो. डज ही गोज असं सगळेच म्हणतात सुरुवातीला. मी पोरींना असं सांगते की घरात सायकल एकच आहे, मोठ्या भावानं नेली की धाकट्याला पायीच जावं लागते. एस ही ती सायकल. डजनं नेली, मग गो पायीच. डज ही गो? ही डझंट गो. असं सांगितल्यावर पुन्हा चुकलेल्या पोरी मी कमीच पाहिल्या.

स्पेलिंगचं फार टेन्शन घेऊ नका, वॉशेस, गोज, स्टडीज हे लिहून लिहून बसतं. उच्चाराकडे मात्र लक्ष द्या, कारण ते आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. वर्क्स, ईट्स, स्टॉप्समध्ये स ऐकू येतो, पण गोज, प्लेज, रन्समध्ये जवळपास 'जवळ'मधला ज.

अजून एक, निघताना आपण 'येते मी' म्हणतो. मी केरळच्या एका सीनियर सिस्टरला ड्युटी संपल्यावर आय कम म्हणाले आणि ती बिचारी माझी वाट पाहत थांबली. तसंच 'उद्या देते' म्हणजे आय गिव्ह टुमॉरो नाही, आय विल गिव्ह. ठरलेल्या टाइमटेबलचं मात्र चालतं, मुक्कामी गाडी उद्या सकाळी ६ ला सुटते, द बस लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो, हे बरोबर आहे. कधीच न बदलणाऱ्या गोष्टीही याच टेन्समध्ये, द वर्धा मीट्स द वैनगंगा, आणि पुढं तीच प्राणहिता होते.

सराव कसा करायचा विचाराल तर पुस्तकातली राम ईट्स अ मँगो सोडा. मी होस्टेलवर डोळे मिटून आमच्या घराची सकाळ आठवायची, कोण काय करतं ते एकेक वाक्य वहीत, रोज दहा. आजी उठते, माय चूल पेटवते, भाऊ बैल सोडतो. आपलं घर असलं की वाक्य खोटं लिहिता येत नाही आणि कोण एकटं, कोण दोघं हे डोळ्यासमोर दिसतं. दिवाळीला गावी जाते तेव्हा शेजारच्या पोरांना ओसरीवर बसवून हेच करून घेते, तेव्हा कापसाची वेचणी सुरू असते. मागच्या वेळी एका सातवीतल्या पोरीनं लिहिलं, माय मदर पिक्स कॉटन. मग स्वतःच थांबली, म्हणाली ताई, माझी आजीबी जाते ना सोबत, आणि पिक्समधला एस खोडून पुढं अँड माय ग्रँडमदर लिहायला जागा शोधू लागली.