शरणार्थींच्या प्रश्नावर धर्मग्रामात चर्चा कशी घ्यावी

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, कुठल्याही धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या समाजात, शरणार्थींचा विषय निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक जण बायबलमधलं मत्तय २५ उघडतो, परक्याला घरात घेतलं ते मलाच घेतलं असं येशू म्हणतो तो अध्याय; दुसरा रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणारा. वचन दोघांकडेही असतं, आणि दोघंही आले तसेच घरी जातात. श्रद्धा कमी पडते म्हणून असं होत नाही. तीन निरनिराळे प्रश्न एकाच वेळी विचारले जातात म्हणून होतं. देव माझ्याकडून काय मागतो? सरकारला काय करण्याचा अधिकार आहे? आणि आपण, इथं, काय करू शकतो? हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू न देणं, हेच बैठक चालवणाऱ्याचं खरं काम.

बारा ते पंधरा माणसं पुरेत. वीसच्या पुढे गेलात की चौघं बोलतात, बाकीचे घड्याळ बघतात. वेळ दीड तास. रविवारच्या मिस्सेनंतर लगेच ठेवू नका, लोकांचं मन बाजारात आणि जेवणात असतं. आठवड्यातली एखादी संध्याकाळ, आठची वेळ धरा. लोकलने कामावरून परतणारे तोवर पोहोचतात. खुर्च्या गोलात मांडा. फादर किंवा पाळक असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की त्यांनी शेवटी बोलायचं. ते पहिल्यांदा बोलले की सगळे माना डोलावतात आणि मनातली शंका मनातच राहते.

पहिली पंधरा मिनिटं शब्दांना द्या. हा भाग गाळला तर पुढचं सगळं वाया जातं. फळ्यावर दोन शब्द लिहा: शरणार्थी आणि स्थलांतरित. १९५१च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने देशाबाहेर असलेला माणूस म्हणजे शरणार्थी. बिहारमधून नाक्यावर कामाला आलेला माणूस शरणार्थी नाही, स्थलांतरित आहे, आणि तो या देशाचा नागरिक आहे. हे मोठ्यानं सांगावंच लागतं. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही आणि शरणार्थींसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ शरणार्थींचं सरकार स्वतः बघतं; अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून आलेल्यांची नोंद मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी संस्थेचं दिल्ली कार्यालय करतं.

मग जवळची उदाहरणं काढा. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधमधली कुटुंबं आली आणि १९४९ मध्ये तिथंच उल्हासनगर उभं राहिलं. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबरानं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथं पोलंडचे हजारो निर्वासित राहिले, त्यांतले बहुतेक कॅथलिक. इथं एक प्रश्न जरूर विचारा: ते आपल्या धर्माचे नसते तर आपण ही गोष्ट इतक्या अभिमानानं सांगितली असती का? उत्तराची घाई करू नका, शांतता पसरली तर पसरू द्या.

पुढची चाळीस मिनिटं वचनांची. प्रत्येक उतारा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून वाटा आणि मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. सुरुवात लेवीयच्या १९व्या अध्यायानं करा, कारण तिथली जोडणी डोळ्यांनी दिसते. १८व्या ओवीत शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा आहे. ३४व्या ओवीत तेच शब्द परक्यासाठी आलेत, आणि कारणही दिलंय: तुम्हीही मिसर देशात परके होता. दोन्ही ओव्या एकाच कागदावर, एकाखाली एक लिहा आणि सारख्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. लांबलचक प्रवचनापेक्षा ती रेघ जास्त काम करते. त्यानंतर मत्तय २:१३-१५ घ्या, योसेफ रात्रीच बाळाला आणि मरियेला घेऊन मिसरला निघतो तो भाग.

आता विरुद्ध बाजू पूर्ण ताकदीनं मांडा. ज्याला ती पटते त्यालाच मांडू द्या. लेवीय २४:२२ म्हणतं, परक्याला आणि देशवासीयाला नियम एकच. म्हणजे परक्यावरही बंधन आहे. १ तीमथ्य ५:८ स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला कडक शब्द ऐकवतं. कॅथलिक धर्मशिक्षण या चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा २२४१वा परिच्छेद दोन्ही टोकं धरतो: संपन्न राष्ट्रांनी आपल्या कुवतीप्रमाणे परक्याला आसरा द्यावा, सरकारला अटी घालता येतात आणि येणाऱ्यानं त्या देशाचे कायदे पाळावेत. आधी आपली माणसं, मग जग, या युक्तिवादावर २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेत मोठा वाद झाला. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारीच्या पत्रात त्याला उत्तर देताना चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या परक्याचा, दाखला दिला. आमच्या मते ते उत्तर बरोबर आहे: लूक १०मध्ये येशू शेजाऱ्याची व्याख्या देत नाही, शेजारी कोण ठरला असं उलट विचारतो. पण कुवतीचा मुद्दा त्यानं संपत नाही आणि तो मांडणाऱ्याला निर्दयी म्हणणं अन्याय आहे.

रोम १३ चर्चा बंद करायला वापरलं जातं, तिथं थांबवा. सोबत प्रेषितांची कृत्ये ५:२९, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे हे वचन, वाचायला लावा आणि मग विचारा की इथं आज्ञा मोडायची वेळ खरोखर आली आहे का. बहुतेकदा आलेली नसते. दुसरी अडचण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आकड्यांची. कुणी आकडा सांगितला की तो कुठून आला ते विचारा. सांगता आलं नाही तर फळ्यावर लिहू नका, मग तो तुमच्या बाजूचा असला तरी.

शेवटची वीस मिनिटं तिसऱ्या प्रश्नाला राखून ठेवा. संविधानाच्या अनुच्छेद २१मध्ये शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. १९९६ मध्ये चकमांच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या शरणार्थींच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्याच आधारे त्यांच्या जिवाचं रक्षण करायला राज्याला सांगितलं. म्हणजे जेवण, औषध, मुलांचा अभ्यास, मराठी-हिंदी शिकवणं, हे करता येतं. राहायला जागा देताना मात्र परदेशी व्यक्तीची नोंद २४ तासांत करावी लागते, आणि १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेला नवा कायदा याबाबत कडक आहे. दयेपोटी कुणाला गुपचूप ठेवलं तर पहिला फटका त्या कुटुंबालाच बसतो. आधी वकील गाठा. संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी संस्थेनं दिलेलं शरणार्थी कार्ड असेल तर त्यावरची मुदत बघा आणि संपायच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाची आठवण करून द्या.

आणि त्या कुटुंबाला बैठकीत उभं करून कहाणी सांगायला लावू नका. फोटो नको, ग्रुपवर नाव नको. मायदेशी मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याची झळ पोहोचू शकते. भेटायला जायचं तर दोघांनीच जा, आधी फोन करून, आणि शिधा काय लागतो ते त्यांनाच विचारा.