बागेत रानफुलांचं कुरण: या चुका टाळा

बागेच्या एका कोपऱ्यात रानफुलांचं बी फोकलं आणि दोन वर्षांनी पाहिलं तर कमरेएवढं गवत, फूल औषधालाही नाही. खापर बियाण्यावर फुटतं. दोष बहुतेकदा जमिनीचा असतो: ती नको तितकी सुपीक असते.

हिरवळीला वर्षानुवर्षं खत मिळालेलं, कापलेलं गवतही तिथेच कुजलेलं. अशा मातीत गवत माजतं आणि खालच्या रोपांना ऊनच पोचत नाही. पेरणीआधी शेणखत किंवा कंपोस्ट घालणं ही त्यामुळे सगळ्यांत महागात पडणारी चूक. उलट वरचा थर खरवडून काढता आला तर उत्तम. ते जमत नसेल तर दर कापणीचं गवत उचलून बाहेर न्या. गवताबरोबर मातीतली पोषकद्रव्यंही निघून जातात. त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मात्र चिवट असतो, लवकर हटत नाही. त्यात कुत्र्यांची भर. बेल्जियममधल्या गेंटजवळच्या राखीव क्षेत्रांवरच्या 2022 च्या अभ्यासात कुत्र्यांच्या मलमूत्रातून हेक्टरी वर्षाला सुमारे 11 किलो नत्र (नायट्रोजन) आणि 5 किलो स्फुरद पडतो, असा अंदाज निघाला. ‘विष्ठा उचला’ ही पाटी नुसत्या स्वच्छतेसाठी नसते!

उभ्या हिरवळीवर बी टाकणं म्हणजे ते वाया घालवणं. गवत बुडाशी कापा, दाताळ्याने खरवडून निम्मी तरी माती उघडी करा. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून फोका. वाळू दिसते, त्यामुळे कुठे राहिलं ते कळतं. वर माती ओढू नका, नुसतं तुडवा. बऱ्याच रानफुलांना उगवायला उजेड लागतो.

पहिल्या वर्षी तण उसळतं. घाबरून तणनाशक मारलं तर फुलांची रोपंही जातात. पाच-सात सेंटिमीटर उंची ठेवून दोन-तीनदा कापा, पुरतं. बहुवर्षायू रोपं तेव्हा जमिनीलगत मुळं धरत असतात; ती साधारण दुसऱ्या वर्षापासून फुलतात.

मग येतात तक्रारी: ‘बागेचं रान झालंय.’ आणि ऐन बहरात कापणीयंत्र फिरतं. वाटेच्या कडेचा हातभर पट्टा नेमाने कापलेला ठेवा, म्हणजे आतलं गवत मुद्दाम वाढवलंय हे दिसतं. मोठी कापणी बी पिकल्यावरच. कापलेलं गवत दोन-चार दिवस तिथेच वाळवा, उलथा, बी झडू द्या, मग उचला. एक तुकडा मात्र न कापता सोडा, कारण वाळक्या दांड्यांत कीटकांची अंडी आणि कोश असतात. पुढच्या वर्षी तुकडा बदला.