कॅम्पर व्हॅन वाडीत रिव्हर्स कशी घालायची, आणि बघणाऱ्याने मधे कधी पडायचं

दिवाळी झाली की गुहागर, वेळणेश्वर, आंजर्ले, केळशी, खाली तारकर्लीपर्यंत कुठेही बघा, ट्रॅव्हलरची कॅम्पर (आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) करून घेतलेल्या गाड्या हल्ली दिसतात. २०२१ मधे राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, ते सगळं छान आहे, पण रात्री गाडी लावायची कुठे तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी होमस्टेच्या आवारात नाहीतर माडांच्या वाडीत. आणि कोकणातली वाडी म्हणजे पाणंदीएवढा रस्ता, दोन्हीकडे चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा म्हणजे कुंपणाची भिंत, आणि बेडं, म्हणजे आत शिरायचं फाटक, एका जीपच्या मापाचं. त्यातून गाडी उलटी आत घालायची आणि ती घालताना आजूबाजूची निम्मी वाडी जमा झालेली. जागा कमी आहे म्हणून गाड्या घासतात असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही, चार जण चार बाजूंनी ओरडतात आणि ड्रायव्हर चौघांचंही ऐकायला जातो म्हणून घासतात. त्यामुळे हे लिहितोय ते चालवणाऱ्यासाठी पण आहे आणि पडवीत उभं राहून बघणाऱ्यासाठी पण.

सुरुवात बुकिंगच्या फोनपासून करा. मालकाला "मोठी गाडी येते का" असं विचारू नका, उत्तर कायम "येते हो, आमच्याकडे चिऱ्याचा ट्रक येतो" असंच मिळणार, तो ट्रक घर बांधताना आलेला असतो आणि तेव्हा गडगा घातलेला नसतो. त्यापेक्षा आपल्या गाडीची लांबी, मिरर उघडे ठेवून रुंदी आणि छपरावरच्या एसीसकट उंची टेपने मोजून घ्या, कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवून ठेवा आणि मालकाला सांगा की काका, बेडं किती फूट आहे तेवढं मोजून सांगा आणि जमलं तर रस्त्यावरून एक फोटो टाका. फोटोत वायर दिसते, ती फोनवर कुणी सांगत नाही. आणि पोचायचं उजेडात. डिसेंबरात सहा वाजून गेले की अंधारच, त्यात लाइट गेली तर मोबाईलच्या टॉर्चवर सात मीटरची गाडी मागे घेणं हा खेळ कुणी करू नये.

पोचल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला लावून आधी चालत आत जायचं. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत, गुगल मॅपवर ठिपका आला की थेट रिव्हर्स टाकतात. आत जाऊन काय बघायचं तर पहिलं वर बघा. पोलवरून घरात येणारी वायर मधे झोळ पडून खाली आलेली असते, फणसाची नाहीतर आंब्याची फांदी आडवी असते, आणि रिव्हर्स कॅमेऱ्यात हे काहीच दिसत नाही कारण कॅमेरा खाली बघतो. मग खाली बघा. संडासाची टाकी कुठे आहे हे मालकाला स्पष्ट विचारा, वर माती टाकून सपाट केलेली असते आणि त्यावरची लादी माणसांच्या वजनाची असते, तीन साडेतीन टनाची गाडी तिच्यावर उभी करायची नाही. विहिरीच्या कठड्याजवळ नको. शिंपण्याचे पाइप आणि पाट कुठून जातात ते बघा. सारवलेलं अंगण असेल तर त्यावर टायर घालायच्या आधी विचारा, घरच्या बाईने सकाळी सारवलेलं असतं आणि ती काही बोलणार नाही, पण मनात राहतं. आणि नारळ लागलेल्या माडाखाली गाडी लावूच नका, सोलर पॅनेल, काच, एसी सगळं त्याच्या टप्प्यात येतं, नुसती वाळकी झावळ पडली तरी बॉनेटला पोचा येतो. सावली पाहिजे तर आंब्याखाली लावा.

उलटी का घालायची असा प्रश्न येतो, नाक आत घालून सरळ गेलं तर सोपं नाही का. आत्ता सोपं आहे, सकाळी नाही. संध्याकाळी तुम्हाला जागा माहीत असते, मदतीला माणसं असतात, वेळ असतो. पहाटे निघताना उलटं रस्त्यावर यायचं म्हणजे वळणावरून येणारी पहिली एसटी दिसत नाही. शिवाय ट्रॅव्हलरला इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, रात्री पाऊस झाला आणि मागची चाकं लाल चिखलात असली तर बाहेर पडणं मुश्किल, त्यामुळे लावतानाच मागची चाकं कुठे टेकणार तिथे जांभ्याची कडक जमीन आहे का ते टाच मारून बघा. टाच रुतली तर टायर रुतणारच.

आता प्रत्यक्ष गाडी घ्यायची. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे बेडं आपल्या उजव्या हाताला येईल अशा दिशेने रस्त्यावर या. मग मागचा उजवा कोपरा खिडकीतून मान काढून आणि उजव्या मिररमधे सरळ दिसतो. बेडं डावीकडे आलं तर सगळं आंधळ्या बाजूला होतं. पुढे जाऊन गाडी वळवून उलट दिशेने येण्यात दहा मिनिटं जातात, ती घालवा. (परदेशातले व्हिडिओ बघून शिकला असाल तर तिथे बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर डावीकडे असतो, त्यांचं डावं ते आपलं उजवं, हे डोक्यात पक्कं करून मगच या.)

बेडं मागे टाकून पुढे जा, नाक डावीकडे काढा म्हणजे गाडीची शेपटी आपोआप बेड्याकडे तिरकी बघायला लागते, मग स्टेअरिंग सरळ करा आणि थांबा. रस्ता रुंद असेल तर हे जमतं. गावातला रस्ता तीन साडेतीन मीटरचा, तिथे नाक काढायला जागाच नसते, अशा वेळी समोरच्या घराचं बेडं कामाला येतं, त्यांना विचारून ते उघडून घ्या आणि नाक तिकडे घाला. न विचारता घालू नका, दोन घरांचं आपसात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. मग रिव्हर्स टाकून अगदी हळू, ॲक्सिलरेटर शक्यतो नकोच, क्लच आणि ब्रेकवर. स्टेअरिंग उजवीकडे कापलं की शेपटी उजवीकडे जाते आणि त्याच वेळी नाक डावीकडे फिरतं, हे नाक लोक विसरतात. सगळे मागे बघत असतात आणि पुढचा डावा कोपरा समोरच्या गडग्याला टेकतो. थोडं मागे घ्या, पुढचं बघा, परत मागे. शेपटी बेड्यात शिरली आणि दोन्ही मिररमधे दोन्ही खांब दिसायला लागले की स्टेअरिंग उलटं फिरवून गाडी सरळ करा, आणि ते जरा लवकर सुरू करा कारण लांब गाडी उशिराने ऐकते. नाही जमलं तर ओढूनताणून दुरुस्त करत बसू नका, पुढे घ्या, सरळ करा, परत मागे. पुढे घेण्यात काही कमीपणा नाही, एसटीचे मुरलेले ड्रायव्हर पण दोनदा पुढे घेतात. आणि शंका आली की हँडब्रेक ओढून खाली उतरा आणि डोळ्याने बघा. कितीही वेळा उतरा.

मागे टांगलेल्या बॉडीचं पण लक्षात असू द्या. नियमाने मागच्या एक्सलच्या मागे व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत बॉडी चालते, म्हणजे ३३५० मिमी व्हीलबेस असेल तर दोन मीटरपर्यंत. चढाच्या बेड्यातून आत घेताना ही शेपटी जमिनीला घासते, पाण्याच्या टाकीचा नळ खाली असेल तर तोच पहिला जातो.

गाडीच्या मागे ओढायची कॅरॅव्हॅन असेल तर गणित उलटं. तिथे स्टेअरिंगला खालच्या बाजूने सहाच्या काट्यावर हात धरायचा आणि शेपटी जिकडे न्यायची तिकडेच हात सरकवायचा, एवढं केलं की डोकं चालवावं लागत नाही. छोटा ट्रेलर चटकन वाकडा होतो, लांब ट्रेलर सावकाश. गाडी आणि ट्रेलर यांच्यात काटकोन व्हायला आला की थांबा आणि पुढे ओढून सरळ करा, मागे रेटत राहिलात तर ट्रेलरचा कोपरा गाडीच्या दाराला येऊन भिडतो.

आता मदत. गाडीला मागून सांगणारा माणूस एकच हवा. दुसरा कुणी असलाच तर तो फक्त वर वायर-फांदीकडे बघणारा, आणि त्याला एकच शब्द बोलायची परवानगी, "थांब". एसटीत बघा, कंडक्टर एकदा घंटी मारतो तेव्हा थांबायचं, दोनदा मारतो तेव्हा निघायचं, आख्ख्या महाराष्ट्राला ते कळतं. तेवढं साधं ठेवा. निघायच्या आधी ड्रायव्हर आणि तो माणूस यांनी तीस सेकंद उभं राहून ठरवून घ्या की हात असा म्हणजे ये, असा म्हणजे थांब, आणि "डावीकडे" म्हणजे स्टेअरिंग डावीकडे की शेपटी डावीकडे. याच एका गोष्टीवरून नवरा-बायकोची भांडणं होतात, पुण्याहून पाच-सहा तास गुण्यागोविंदाने आलेली माणसं बेड्यात येऊन अबोला धरतात. "शेपटी माझ्या हाताकडे आण" असं बोला, मग घोळ होत नाही. सांगणाऱ्याने ड्रायव्हरच्या मिररमधे दिसत राहायचं, उजव्या बाजूला, आणि गाडी आणि गडगा यांच्या मधे कधीच उभं राहायचं नाही. ड्रायव्हरने मिररमधे माणूस दिसेनासा झाला की जागच्या जागी थांबायचं, तो परत दिसेपर्यंत. "येऊ दे येऊ दे" हे अंतर सांगत नाही, त्यापेक्षा "पाच फूट, तीन फूट, एक, बस" सांगा. मालवणात कुणी "येंवदे येंवदे... रव!" म्हणालं तर "रव" म्हणजे थांब, हे घाटावरच्यांनी आधीच पाठ करून ठेवा. अंधार झालाच असेल तर टॉर्च जमिनीवर आणि खांबावर मारा, मिररमधे मारलीत तर ड्रायव्हर आंधळा.

बघणाऱ्यांसाठी आता. शेजारी गाडी लावलेली असेल, हातात चहा असेल, समोर कुणीतरी गाडी बॅक घेतंय आणि तुम्हाला दिसतंय की चुकतंय, तरी पहिली दोन मिनिटं गप्प बसा. त्यांची आपापसात सवय असते, कुणी हाताने सांगतं, कुणी फोनवर बोलत सांगतं, त्यात तिसरा आवाज गेला की ताल बिघडतो. पुढेमागे घेणं म्हणजे अडचण नव्हे, ते बरोबरच चाललेलं असतं. ड्रायव्हर उतरून डोकं खाजवत इकडेतिकडे बघायला लागला, एकटाच असला, किंवा त्याने तुमच्याकडे बघितलं, तर पुढे व्हा, आणि थेट हातवारे सुरू न करता काचेपाशी जाऊन विचारा, "दादा, मागे उभा राहू का? की घेताय तुम्ही?" नको म्हणाला तर खरंच बाजूला व्हायचं, "अहो नाही, मी सांगतो ना" हे करायचं नाही. बायको सांगत असेल तर तिला डावलून नवऱ्याला सूचना देऊ नका, फार वाईट दिसतं, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं. "चावी द्या, मी लावून देतो" हे तर समोरच्याने मागितल्याशिवाय बोलूच नये, घासली तर कुणी भरायची.

न विचारता करण्यासारखी कामं बरीच आहेत. आपली स्कूटर काढा, वाळत घातलेले कपडे बाजूला घ्या, कुत्र्याला बांधा, पोरांना हाक मारून पडवीत बसवा, रस्त्यावर वळणाजवळ जाऊन येणारी गाडी थोपवा. वस्तीची एसटी यायची वेळ असेल तर आधीच सांगा, म्हणजे ते गाडी आडवी घालायच्या आधी तिला जाऊ देतील. आणि न विचारता ओरडायची वेळ एकच, पोर किंवा म्हातारं माणूस गाडीच्या मागे आलं, वायर लागतेय किंवा टाकीवर चाक चाललंय. तेव्हा "थांबा!" एवढंच मोठ्याने ओरडा आणि गाडीच्या बॉडीवर थाप मारा, कारण नंतर. "अहो अहो बघा बघा" याने ड्रायव्हर गोंधळून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो.

गाडी जागेवर लावून झाली की हँडब्रेक, गिअरमधे, उताराच्या बाजूने चाकाला चिरा. कमेंट करू नका की "अजून जरा डावीकडे घेतली असती तर". चहा विचारा.

चाक रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, प्रत्येक फिरकीला खड्डा खोल होतो. चाकापुढची माती उकरा, नारळाची सोडणं आणि झावळ्या चाकाखाली नीट कोंबा, टायरमधली हवा थोडी कमी करा, दुसऱ्या गिअरवर हलकेच काढा, आणि मागे कुणी उभं नको कारण सोडण दगडासारखं उडतं. पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, तर गाडी नेऊच नका, ओहोटीला वाळू कडक वाटते, सहा तासांत भरती येते आणि मग आख्खं गाव व्हिडिओ काढायला येतं. ट्रॅक्टर बोलवावा लागला तर टोचन (ओढायचा दोर) कुठे बांधायचं ते तुम्ही दाखवा, पुढच्या हुकालाच, बंपरला नाही, आणि पैसे किती ते दोर बांधायच्या आधी विचारून घ्या.

सकाळी निघताना नाक बाहेर काढून लगेच कट मारू नका. उजवीकडे वळलात की शेपटी डावीकडे झुकते आणि डावा खांब घेऊन जाते, त्यामुळे शेपटी खांबांच्या बाहेर येईपर्यंत शक्य तेवढं सरळच चला, मग वळा, आणि समोरच्या घरच्यांना बेडं लावून घ्यायला सांगा, नाहीतर गुरं आत शिरतात.