सोन्याचा पंजा आणि दाराचं कोडं

‘स्कायरिम’ (2011) हा व्हिडिओ गेम खेळणारा माझा भाचा ब्लीक फॉल्स बॅरो या त्यातल्या जुन्या थडग्यामधल्या गोल दारापाशी अर्धा तास अडला होता. म्हणे, "मामा, कोड सापडूनच नाही राह्यला!" अरे, कोड तर खिशातच आहे.

रिव्हरवुड गावच्या दुकानदाराचा, लुकनचा, चोरीला गेलेला सोन्याचा पंजा इन्व्हेंटरीत (जवळच्या सामानाच्या यादीत) उघडा आणि उलटा फिरवा. तळव्यावर तीन चित्रं कोरलेली दिसतील. दारावरच्या फिरत्या गोल कड्यांवर तीच चित्रं बाहेरून आत त्याच क्रमाने लावा: अस्वल, पतंग (किडा), घुबड. मग मधल्या भोकांत पंजा बसवायचा.

त्याआधी जाळ्यात अडकलेला चोर आर्व्हेल भेटतो. अजस्र कोळी मारून त्याला सोडवलं, की तो पंजा घेऊन पळतो. त्याच्यामागे जीव काढू नका. पुढे उठून हल्ला करणारे मुडदे आणि सापळे त्याचा हिशेब बहुतेक वेळा करतातच, पंजा त्याच्या प्रेतावर मिळतो. सुरुवातीला फिरवायच्या तीन चित्रांच्या खांबांचंही एक कोडं आहे, त्याचं उत्तर डावीकडून साप, साप, देवमासा. चुकीचं लावून खटका ओढला तर बाण अंगावर.

शेवटच्या दालनातला ड्रॅगनस्टोन, म्हणजे कोरीव दगडी पाटी, तीही उचलाच, मुख्य कथेत लागतो. नाहीतर तीच चढण पुन्हा.

आणि पीसीवर एफ5 दाबून सेव्ह करत राहा. मे महिन्यात नागपुरात दुपारी कूलर, पंखा नि पीसी एकदमच बंद पडतात. भाच्याचा कोळी असाच दोनदा मारून झालाय.