रिपोर्टिंग टूल घेताय? आधी ओळींचं ठरवा

मागच्या वेळी कंपनीचे आकडे तक्त्यांत आणि चार्टमध्ये दाखवणारं रिपोर्टिंग टूल मीच निवडलं होतं. तीन महिन्यांनी एका सोमवारी सकाळी सगळ्या विभागप्रमुखांना एकच पीडीएफ गेली. प्रत्येकाला फक्त आपापल्या विभागाचे आकडे जायचे होते. गेले सगळ्यांना सगळ्यांचे, कुठल्या ग्राहकाला किती सूट दिली त्या रकान्यासकट. पहिला फोन यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. टूल बिघडलं नव्हतं. वेळ लावून पाठवलेला रिपोर्ट तो लावणाऱ्याच्या अधिकारावर चालत होता. लावणारा मी, आणि मला सगळंच दिसतं. निवडीच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, म्हणजे मी विचारला नव्हता.

तेव्हा डेमो मागवायच्या आधी कागद घ्या आणि लिहा, कोणाला कोणत्या ओळी दिसणार. रकाने नाही म्हणत मी, ओळी. विक्री प्रतिनिधीला स्वतःच्या, तिच्या वरिष्ठाला अख्ख्या टीमच्या, दोन विभाग सांभाळणाऱ्याला दोन्हीच्या. इथपर्यंत सोपं आहे. गेल्या महिन्यात बदली झालेल्याला जुन्या विभागाचे जुने आकडे दिसू द्यायचे का? इथे घोडं अडतं. याचं उत्तर टूलवाला देणार नाही, तुमच्याच लोकांकडून काढावं लागेल, आणि ते एका बैठकीत निघत नाही.

डेमो त्यांच्या नमुना डेटावर बघू नका, तिथे सगळेच देखणे दिसतात. तुमचं सगळ्यात मोठं फॅक्ट टेबल (व्यवहारांच्या नोंदी) आणि सगळ्यात घाणेरडा कस्टमर मास्टर (ग्राहकांची यादी) द्या. मग ऑर्डर आणि परतावे एकाच रिपोर्टमध्ये मागा. एका ऑर्डरवर तीन परतावे असतील आणि दोन टेबलांची जोडणी सरळ झाली असेल, तर ऑर्डरची रक्कम तिप्पट मोजली जाते. काही टूल हे सांभाळून घेतात, काही तिप्पट आकडा बिनदिक्कत दाखवतात. बेरीज हाताने लिहिलेल्या एसक्यूएलशी (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) ताडून बघा. चार्टचे रंग नंतर.

डेटा टूलमध्ये उचलून आणायचा की दर वेळी थेट वेअरहाउसला, म्हणजे कंपनीचा सगळा डेटा साठतो तिथे, विचारायचं, हा पुढचा प्रश्न. उचलून आणला तर रिपोर्ट पटकन उघडतो, पण शिळा असतो आणि मर्यादा येतात. पॉवर बीआय या टूलच्या प्रो लायसन्सवर एक मॉडेल (टूलमधला डेटा आणि त्याची मांडणी) १ जीबीपर्यंत आणि डेटा ताजा करणारे दिवसाला ८ ठरलेले रिफ्रेश. थेट विचारलं तर ताजा मिळतो, पण बारा चार्टचं एक पान उघडलं की वेअरहाउसकडे साधारण बारा क्वेऱ्या, म्हणजे प्रश्न, सुटतात. बिगक्वेरी या वेअरहाउसमध्ये ऑन-डिमांड दराने जेवढा डेटा वाचला तेवढं बिल लागतं, म्हणजे कुणी उगाच फिल्टर फिरवत बसला तरी मीटर चालू.

आणि पुन्हा ओळी. स्नोफ्लेक, बिगक्वेरी, पोस्टग्रेस (९.५ आवृत्तीपासून) या सगळ्या डेटाबेसांत ओळींवर बंधन घालायची सोय आहे. "मग वेअरहाउस बघून घेईल की," असं मीही म्हणालो होतो. नाही बघत! टूल एकाच सर्व्हिस खात्याने (माणसाचं नव्हे, टूलचं सामाईक खातं) जोडलेलं असेल तर विचारणारा कोण हे वेअरहाउसला कळतच नाही, त्याच्या लेखी सगळे एकच. डेटा उचलून आणलात तर नियम तिकडेच राहतात. म्हणून थेट विचारा: रिपोर्ट बघणाऱ्याची ओळख वेअरहाउसपर्यंत पोचते का? नसेल तर टूलच्या आत ओळीनिहाय नियम लावता येतात का, आणि कुठल्या लायसन्सवर? मेटाबेस या टूलच्या फुकट आवृत्तीत ते नाही, पैसे भरल्यावर मिळतं. सुपरसेट हे टूल ओपन सोर्स आहे, तरी त्यात आहे. पॉवर बीआयमध्ये वर्कस्पेसच्या (रिपोर्ट ठेवायची सामाईक जागा) व्ह्यूअरवरच, म्हणजे फक्त बघायचा अधिकार असलेल्यावर, ते लागू होतं. मेंबर किंवा कॉन्ट्रिब्यूटर केलेल्याला सगळं दिसतं. आणि "मला हे उघडत नाही" अशी तक्रार आली की लोक पहिल्यांदा हेच करतात, वरची भूमिका देऊन मोकळे होतात.

"निव्वळ विक्री"ची व्याख्या एकाच जागी ठेवता यायला हवी. लुकर या टूलमध्ये ती लुकएमएल या त्याच्याच भाषेत लिहितात, इतरांत मॉडेलमध्ये. प्रत्येक रिपोर्टमध्ये वेगळी लिहावी लागत असेल तर ते टूल सोडा.

एक्सेलला एक्स्पोर्ट मागतीलच, भांडू नका. फक्त एक्सेलचं पान १०,४८,५७६ ओळींवर संपतं हे आधी सांगून ठेवा, आणि एक्स्पोर्टमध्येही ज्याच्या त्याच्याच ओळी येतात का ते बघा.

लायसन्स मोजताना रिपोर्ट बनवणारे नाही, बघणारे मोजा. तेच जास्त असतात. सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश), मोबाइल, मराठी अक्षरं पीडीएफमध्ये नीट उमटतात का: तपासा. रिपोर्टची फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारी सोय) ठेवता येते का. उद्या टूल सोडायचं झालं तर काय हाती लागतं. सगळ्यांनी एकाच वेळी उघडल्यावर काय होतं, तेही. ट्रेनिंग किमान दोघांना, एकटा रजेवर जातो.

करारावर सही करायच्या आधी तीन खोटी खाती काढा: प्रतिनिधी, वरिष्ठ, बदली झालेला. तिघांकडून स्क्रीन, एक्स्पोर्ट, मोबाइल, शेअर केलेली लिंक आणि वेळ लावलेला मेल, पाचही वाटा चालून बघा. मेल तर नक्कीच. स्वतःच्या प्रीव्ह्यूवर विसंबू नका, तिथे तुमचेच अधिकार चालतात. त्या खोट्या प्रतिनिधीच्या इनबॉक्समध्ये जा, पीडीएफ उघडा आणि ओळी मोजा.